एका सप्ताहाचे वर्तमान : असीरगड, १८०३

मे १८०३ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध जुंपले, आणि शिंद्यांच्या फौजेतील फ्रेंच सरदारांविषयी गव्हर्नर-जनरल वेलस्लीच्या मनात आधीच असलेले भय अधिक बळावले. त्याची झळ सातपुड्यातील असीरगडापर्यंत पोहोचली. शिंद्यांविरुद्धच्या असईच्या लढाईनंतर इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने १६ ऑक्टोबरला बुऱ्हाणपूर घेतले, २१ ऑक्टोबरला असीरगडचा किल्ला त्याच्या स्वाधीन झाला, आणि त्याच सप्ताहात उत्तरेत आग्राही जनरल लेकच्या हाती गेले. अखबारनवीसांनी लिहिलेली वर्तमाने कासिदांच्या पायांनी चालत असल्यामुळे दौलतराव शिंद्यांच्या सरकारास हे दुहेरी आघात एकत्र दिसणे दुष्कर होते, आणि मला तीच त्या मोहिमेतील सर्वांत करुण गोष्ट वाटते. डिसेंबरअखेरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने असीरगड शिंद्यांस परत मिळाला. १८१९ मध्ये मात्र इंग्रजांनी वेढा घालून तो पुन्हा घेतला.