इंग्रजी बोलण्यांतील अलंकार

अलंकार म्हटला कीं काव्य आठवतें. सिमिली म्हणजे उपमा आणि मेटॅफर म्हणजे रूपक, एवढें पाठ करून विद्यार्थी इंग्रजीच्या परीक्षेंत पार पडतो. पुढें इंग्रजी वृत्तपत्र हातीं घेतलें कीं पहिल्याच स्तंभांत अडखळतो. कारण रोजच्या इंग्रजींत वर्दळ असते ती निराळ्याच अलंकारांची.

'डाऊनिंग स्ट्रीटनें नकार दिला' असें वाक्य येतें. रस्ता नकार कसा देईल? लंडनमधील त्या गल्लींत ब्रिटनच्या पंतप्रधानांचें निवासस्थान व कचेरी आहे. म्हणून स्थळाच्या नांवानें माणसांचा उल्लेख झाला. जहाजाचा कप्तान 'ऑल हँड्स ऑन डेक' असें ओरडतो, तेव्हां त्याला नुसते हात नको असतात, सगळे खलाशी हवे असतात. परंतु त्या घटकेला माणसाच्या ज्या अवयवाची गरज, तोच तो उच्चारतो. पहिल्या प्रकाराला मेटॉनिमी म्हणतात, दुसऱ्याला सिनेक्डकी. नांवें जड आहेत, वस्तु घरचीच आहे. 'सारा गांव लोटला' असें म्हटल्यानें घरें चालूं लागलीं असें कोणास वाटत नाहीं. न्यायाधीशांना इंग्रजींत 'बेंच' म्हणतात याचें ज्याला नवल वाटतें, त्यानें 'नागपूर खंडपीठ' यांतील 'पीठ' म्हणजेहि आसनच, हें ध्यानांत घ्यावें.

आपल्या साहित्यशास्त्रांत हिलाच लक्षणा म्हणतात. मम्मटानें 'काव्यप्रकाशा'मध्यें तिच्या तीन अटी सांगितल्या आहेत: शब्दाचा मुख्य अर्थ तेथें जुळूं नये, नव्या अर्थाचा मुख्यार्थाशीं कांहीं संबंध असावा, आणि त्यामागें रूढि किंवा प्रयोजन असावें. वरील उदाहरणांना ही कसोटी चोख लागू पडते. मुख्यार्थ जुळत नाहीं, हीच वाचकाला मिळालेली सूचना होय.

खरी अडचण मुख्यार्थ जुळतो तेथें आहे. मोठी गोष्ट लहान करून सांगण्याची इंग्रजांना खोड आहे. उत्कृष्ट जेवणाला ते 'नॉट बॅड' म्हणतील. निषेधाच्या वाटेनें केलेल्या या स्तुतीला लायटॉटीझ असें नांव आहे. मराठींतहि 'तो कांहीं कमी नाहीं' असें आपण म्हणतों. पण 'वाईट नाहीं' या शब्दांना सरळ अर्थहि आहे, आणि तो संदर्भांत बसतोहि. मग नवख्यानें थांबावें कशासाठीं? आपल्याकडे पाहुणा निघतांना 'येतों' म्हणतो, कारण 'जातों' हा शब्द अशुभ. परका मनुष्य तें शब्दशः घेऊन चहाचें आधण ठेवील!

इंग्रजीच ज्यांची मातृभाषा, तेहि येथें फसतात. १९५१ सालच्या एप्रिल महिन्यांत कोरियांतील इम्जिन नदीच्या कांठीं ब्रिटिशांच्या ग्लॉस्टरशायर पलटणीला चिनी सैन्यानें वेढलें होतें. ब्रिगेडियर ब्रोडी यांनीं आपल्या अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिति 'अ बिट स्टिकी', म्हणजे जराशी चिकट, आहे असें कळविलें, असें सांगतात. इंग्रजाच्या तोंडीं याचा अर्थ प्राणसंकट. अमेरिकनाला वाटलें, काम अवघड आहे, पण निभेल. आणि माघारीऐवजीं टिकून राहण्याचा हुकूम गेला. पलटणीपैकीं ५०० हून अधिक जण शत्रूच्या कैदेंत पडले. पराभवाचें सारें खापर एका शब्दप्रयोगावर फोडणें अर्थातच योग्य नव्हे. वेढा घालणारें सैन्य संख्येनें कितीतरी मोठें होतें.

अशा ठिकाणीं कोशाचा उपयोग थोडा. शब्द पाहण्याआधीं बोलणारा कोण, तें पाहावें लागतें. 'क्वाइट गुड' हा शेरा अमेरिकन शिक्षकानें दिला असेल तर निबंध बराच चांगला उतरला आहे. तोच शेरा इंग्रज शिक्षकाचा असेल, तर बहुधा निबंध ठीक आहे एवढेंच, आणि पुन्हां लिहून काढल्यास बरें.