राजदूत, पल्सर आणि न विचारलेलं वय

खानदेशातल्या एखाद्या जुन्या वाड्यात अजूनही ताडपत्रीखाली राजदूत उभी असते. आजोबांनी कधीकाळी कपाशीच्या पैशातून घेतलेली, १७३ सीसीची. शेजारी नातवाची १४९ सीसीची पल्सर. दोन्ही गाड्यांचा नुसता थर्ड पार्टी विमा काढायला बसलं, तर जून २०२२च्या दरपत्रकानुसार राजदूतला वर्षाला १,३६६ रुपये पडतात आणि पल्सरला ७१४. जीएसटी वेगळा. चाळीस वर्षं फटफटी हाकलेले आजोबा आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जातात, नातू रोज एरंडोल-जळगाव करतो. तरी आजोबांचाच हप्ता दुपटीच्या जवळ! कारण दरपत्रकातली रेषा १५० सीसीवर आखलेली आहे, आणि ती रेषा गाडीवर कोण बसलंय हे बघत नाही.

इंग्लंडात हे चित्र नेमकं उलटं दिसलं असतं. तिथल्या विमा कंपन्या वय विचारतात, परवाना किती वर्षं जुना ते विचारतात, दंड झालाय का तेही विचारतात, आणि कोवळ्या पोराच्या मोटरसायकलला सणसणीत हप्ता लावतात. कॅलिफोर्नियात तर १९८८ साली मतदारांनी कौल देऊन ठरवलं, की गाडीच्या विम्यात आधी चालकाची नोंद, मग वर्षाला कापलेले मैल आणि मग अनुभवाची वर्षं धरायची. आपल्याकडे त्याच वर्षी नवा मोटार वाहन कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९८९ला लागू झाला. विम्याची सक्ती त्याच्याही आधीची, १ जुलै १९४६पासूनची. पण ही सक्ती गाडीला चिकटलेली होती, स्वाराला नाही.

वयाचा प्रश्न कायद्याने विचारला तो दुसऱ्याच खिडकीवर, परवान्याच्या. १९८८च्या कायद्यात सोळाव्या वर्षी बिनगिअरची गाडी चालवायची मुभा होती. १९९४च्या दुरुस्तीने ती ५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर आणली. लुना हे त्यातलं नेहमीचं वाहन. पुढे ५० सीसीच्या पेट्रोल गाड्या बाजारातून जवळपास गेल्याच, आणि सोळा वर्षांची सवलत कायद्याच्या पुस्तकात तेवढी उरली. कॉलेजला जाणारी पोरं थेट वडिलांच्या शंभर सीसीवर बसू लागली. आता तर २५०पेक्षा कमी वॅटच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या बॅटरीच्या स्कूटरला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही आणि विमाही लागत नाही.

२००२चं मोटार दरपत्रक हा या मागोव्यातला सगळ्यात बोलका कागद. देशाचे दोन झोन केलेले: अ मध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं, ब मध्ये उरलेला सगळा देश. जळगाव आणि धुळे अर्थातच ब मध्ये. पाच वर्षांच्या आतली, १५० सीसीपर्यंतची दुचाकी असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी अ झोनला किमतीच्या १.७०८ टक्के आणि ब झोनला १.६७६ टक्के. गाडीची किंमत ६० हजार धरली तर फरक भरतो १९ रुपये. आणि झोन ठरतो तो नोंदणीच्या कार्यालयावरून, म्हणजे एमएच १९ किंवा एमएच १८ची पाटी लावून पोरगा पुण्याच्या गर्दीत चार वर्षं गाडी दामटत असला, तरी दर खानदेशचा. त्याच दरपत्रकात मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला पाच टक्के सूट होती, दुचाकीला जास्तीत जास्त ५० रुपये. स्वाराबद्दलची आस्था तिथवरच.

अनुभवाची किंमत मोजणारी एकच चीज पावतीवर होती आणि आहे, ती म्हणजे नो क्लेम बोनस. क्लेम न करता वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, गाडी विकली तरी त्याच्याबरोबर जातो. ऐकायला छान आहे. पण तो मिळतो फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर, थर्ड पार्टीवर नाही. गाडी तीन-चार वर्षांची झाली की बहुतेक लोक एजंटाला सांगतात, ‘फक्त थर्ड पार्टी करून द्या, पोलिसाला दाखवायपुरतं.’ मग वीस वर्षं एकही ओरखडा न उमटवणाऱ्या गुरुजींची सगळी सचोटी शून्य रुपयांची होते.

१ जानेवारी २००७ला नुकसानीच्या हप्त्यावरचं सरकारी दराचं बंधन उठलं. आता कंपन्या माणूस बघून दर लावतील अशी चर्चा होती. झालं ते वेगळंच. सवलतींची चढाओढ लागली, पण दुचाकीच्या पावतीवर चालकाच्या अनुभवाचा रकाना काही फारसा आला नाही. थर्ड पार्टीचे दर तर वरूनच ठरत राहिले. याचं एक कारण घरातच आहे. खानदेशातली मोटरसायकल एकट्याची कधी असते? सकाळी तिच्यावर दुधाची कॅन, दुपारी शाळेला पुतणी, संध्याकाळी मळ्यात काका. आरसी मात्र बाबांच्या नावावर. वय लावायचं तर कोणाचं?

हा नावाचा घोळ महागात पडतो. मालक-चालकाचा अपघात विमा २००२च्या दरपत्रकात एक लाखाचा होता, हप्ता ५० रुपये. २०१८च्या सप्टेंबरात तो १५ लाखांचा झाला आणि हप्ता ७५०. पण हे पैसे मिळतात आरसीवर नाव असलेल्याला, तेही त्याच्याकडे परवाना असेल तरच. मुलगा चालवत होता, गाडी बाबांची, तर या कलमाखाली काही नाही. मागे बसलेल्या आईचं काय? नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत डबल सीट बसलेला माणूस धरलेला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तिलक सिंग प्रकरणात सांगितलं. स्वतःच्या नुकसानीसकटची पॅकेज पॉलिसी असेल तर धरलेला आहे. धुळे-जळगाव महामार्गाच्या कडेने पदर सावरत मागे बसलेल्या किती बायकांना हा फरक कोणी सांगितला असेल?

२०१८च्या त्याच सप्टेंबरात, सर्वोच्च न्यायालयाच्याच आदेशाने, नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागू लागला. ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा वर्षाचा हप्ता तेव्हा ७२० रुपये होता. नव्या गाडीला एकरकमी ३,२८५ मोजावे लागले. गणपतीत, दसऱ्याला आणि पुढच्या आखाजीला शोरूममध्ये गेलेल्यांना ऑन-रोड किमतीतला हा फुगवटा लगेच जाणवला. त्याचा एक फायदा नाकारता येणार नाही: पाच वर्षं तरी विमा संपल्याची भीती गेली.

१ सप्टेंबर २०१९पासून वय पुन्हा आलं, पण शिक्षेच्या रूपाने. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. २०२१च्या जानेवारीत विमा नियामकाच्या कार्यगटाने वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांकडून वेगळा हप्ता घेण्याचा मसुदा मांडला. २०२२च्या जुलैत किती आणि कशी चालवता त्यावर हप्ता ठरवणाऱ्या जोड-योजनांना परवानगी मिळाली. पण त्याही नुकसानीच्याच हप्त्यापुरत्या, म्हणजे जो भाग जुन्या गाडीचा मालक आधीच सोडून देतो, त्याच्यावरच्या.

वय खऱ्या अर्थाने मोजलं जातं ते अपघातानंतर, दाव्याच्या न्यायाधिकरणात. सरला वर्मा खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलेला तक्ता तिथे चालतो. मृताच्या वर्षाच्या उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याला वयाप्रमाणे गुणायचं: १५ ते २५ वयाला १८ने, ४१ ते ४५ला १४ने, ५६ ते ६०ला ९ने, ६५च्या पुढे ५ने. हप्ता घेताना ज्यांचं वय कोणी विचारलं नाही ते आजोबा आणि नातू इथे वयाने वेगळे होतात. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणजे या तक्त्याला काम कमी नाही.

आता पॉलिसी मोबाइलवरच निघते. एमएच १९ टाकून नंबर भरला की गाडीचं मॉडेल, सीसी, नोंदणीची तारीख आपोआप उमटते. मागची पॉलिसी कधी संपली, क्लेम केला होता का, एवढं विचारून झालं की हप्ता समोर येतो. पैसे भरायच्या आधी एका चौकटीत वय मात्र लिहावं लागतं. वारसदाराचं.