कर्करुग्णांच्या काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य

कर्करोग झालेल्या व्यक्तीची घरी व रुग्णालयात विनामोबदला शुश्रूषा करणाऱ्या पती, पत्नी, आईवडील, मुले, सुना, भावंडे इत्यादी आप्तांना कौटुंबिक काळजीवाहक म्हणतात. दीर्घकाळच्या शुश्रूषेचा त्यांच्या मनावर होणारा परिणाम हा मनो-कर्करोगशास्त्र (सायको-ऑन्कॉलॉजी) या शाखेच्या अभ्यासाचा एक विषय आहे. रुग्णाच्या केसपेपरवर काळजीवाहकाच्या प्रकृतीची नोंद सहसा नसते. त्यामुळे त्याला ‘अदृश्य रुग्ण’ असेही संबोधले जाते.

स्वरूप

चिंता, नैराश्य, निद्रानाश, सततचा थकवा, चिडचिड आणि एकटेपणा ही प्रमुख लक्षणे होत. विश्रांती घेतली किंवा क्षणभर आनंद वाटला, तरी अनेकांना अपराधी वाटते. रुग्ण हयात असतानाच त्याच्या संभाव्य मृत्यूचे दुःख अनुभवास येते. यास पूर्वशोक म्हणतात. उपचार संपल्यानंतरही रोग उलटण्याची भीती राहते आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी ती उफाळून येते.

कारणे

केमोथेरपीची बरीचशी सत्रे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दिली जातात व मधला काळ रुग्ण घरी असतो. या काळात ताप आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते व तो निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागतो. मुखाच्या कर्करोगात नाकातील नळीने अन्न भरवणे, जखमेची निगा राखणे अशी कामे फारशा प्रशिक्षणाविना अंगावर पडतात. त्यात उपचारांचा खर्च, बुडणारा रोजगार आणि लहान मुलांची आबाळ यांची भर पडते. शुश्रूषेचा मोठा वाटा स्त्रियांकडे असतो व तो त्यांचे कर्तव्यच मानला जात असल्याने त्यांचा ताण दुर्लक्षित राहतो.

मापन

काळजीवाहकाचा भार मोजण्यासाठी झारिट प्रश्नावली वापरली जाते. १९८० मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या आप्तांसाठी तयार झालेल्या या प्रश्नावलीच्या प्रचलित आवृत्तीत २२ प्रश्न असून कमाल गुण ८८ आहेत. गुण जितके अधिक, तितका भार अधिक मानला जातो.

भारतातील परिस्थिती

भारतात अनेक कुटुंबे निदान रुग्णापासून लपवतात. रुग्णाला धीर मिळावा हा त्यामागील हेतू असतो. परंतु सत्य जाणणाऱ्या काळजीवाहकाला रुग्णासमोर सतत सावध राहावे लागते आणि ज्याच्याशी मन मोकळे करावे, त्याच्याशीच बोलता येत नाही. मुंबईतील परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. सोबतचे आप्त दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतात. घर, शेजार व भाषा यांपासून दूर राहिल्याने त्यांचा नेहमीचा आधार तुटतो; मात्र अशा निवासांत समदुःखी कुटुंबांची सोबतही लाभते.

साहाय्य

आजाराची स्पष्ट माहिती, शुश्रूषेचे प्रशिक्षण, समुपदेशन, आधारगट आणि कुटुंबात कामाची वाटणी हे प्रमुख उपाय आहेत. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास किंवा आत्महत्येचे विचार आल्यास मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला आवश्यक ठरतो. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ या २०२२ पासूनच्या सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार उपशामक शुश्रूषेत (पॅलिएटिव्ह केअर) रुग्णाबरोबर कुटुंबाचाही समावेश होतो व ही मदत रुग्णाच्या मृत्यूनंतरच्या शोककाळातही अभिप्रेत आहे.