गंधकी विनायट्रीकारक

गंधकी विनायट्रीकारक : समुद्री जलजीवालयातील पाण्यात साठत जाणारे नायट्रेट गंधकावर वाढणाऱ्या सूक्ष्मजंतूंकडून विघटित करून घेण्याचे साधन. गंधकाच्या खड्यांनी भरलेल्या बंद नळकांड्यातून हे पाणी अतिशय मंद गतीने जाऊ देतात. तेथील सूक्ष्मजंतू नायट्रेटातील ऑक्सिजन वापरून गंधकाचे सल्फेटात रूपांतर करतात आणि नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. मुख्यतः प्रवाळ (पोवळी) पाळलेल्या जलजीवालयांत हे साधन वापरतात.

माशांची विष्ठा व उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट होते. या क्रियेस नायट्रीकरण म्हणतात. तीस ऑक्सिजन लागतो व तो नेहमीच्या गाळणीत भरपूर मिळत असल्याने ती तेथे चांगली चालते. परंतु पुढची पायरी, म्हणजे नायट्रेटापासून नायट्रोजन वायू होण्याची (विनायट्रीकरणाची), ऑक्सिजनरहित जागी होते. समुद्रात अशी जागा सच्छिद्र चुनखडकांच्या पोटात आणि वाळूच्या खोल थरांत असते. काचेच्या टाकीत ती फार थोडी असते आणि म्हणून नायट्रेट आठवड्यामागून आठवडे साचत राहते.

माशांना ते बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसते. प्रवाळाची गोष्ट वेगळी आहे. प्रवाळशैलभित्तीवरील समुद्रजलात दर लिटरमागे १ मिग्रॅ. हूनही कमी नायट्रेट असते आणि प्रवाळ त्या दारिद्र्यालाच सरावलेला असतो. त्याच्या ऊतकांत राहणारी एककोशिक शैवले त्याला अन्न पुरवितात. पाण्यात नायट्रेट वाढले म्हणजे ही शैवले बेसुमार वाढतात, प्रवाळाचा रंग तपकिरी पडतो व सांगाडा बनण्याची गती मंदावू शकते. शिवाय खडकांवर हिरव्या शैवलांचे जाळे पसरून लहान वसाहती गुदमरतात. मात्र नायट्रेट पूर्णपणे नाहीसे करणेही योग्य नव्हे, कारण त्या शैवलांनाही थोडा नायट्रोजन लागतोच.

पाणी बदलणे हा यावरचा जुना उपाय. १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या संस्थेला समुद्र दाराशी असतो. सप्तशृंग गडाच्या परिसरातील वणी (ता. दिंडोरी, जि. नाशिक) येथे राहणाऱ्या हौशी माणसाचे तसे नाही. समुद्र तेथून सरळ रेषेतही शंभर किमी. हून दूर आहे आणि त्याला समुद्रजल घरीच, लिटरमागे सु. ३५ ग्रॅ. मिश्र लवण विरघळवून, तयार करावे लागते. समजा त्याची टाकी ४०० लि. ची आहे आणि तीत लिटरमागे ५० मिग्रॅ. नायट्रेट साचले आहे. ते १० मिग्रॅ. वर आणण्यासाठी दर खेपेस पाव भाग पाणी बदलले, तर सहा खेपा लागतात. म्हणजे ६०० लि. पाणी आणि २१ किग्रॅ. लवण. दरम्यान तयार होणारे नवे नायट्रेट यात धरलेले नाही.

याहून मोठी अडचण मूळ पाण्याची आहे. दिंडोरी-वणीचा पट्टा द्राक्षबागांचा आहे. बागांना दिलेल्या नायट्रोजनयुक्त खतांपैकी पिकाने न घेतलेला भाग पावसाबरोबर व सिंचनाच्या पाण्याबरोबर जमिनीत झिरपतो आणि काळ्या पाषाणाच्या झिजलेल्या थरांतून विहिरींपर्यंत पोहोचतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिग्रॅ. पर्यंत नायट्रेट चालते, आणि नाशिक जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात ते याहून अधिक आढळले आहे. वणीकडील प्रत्येक विहीर अशी असते असे नव्हे, पण तपासल्याशिवाय ते कळणार नाही. माणसाला चालणारे ४५ मिग्रॅ. चे पाणी प्रवाळाला मुळीच चालत नाही, आणि अशा पाण्याने कितीही वेळा टाकी भरली, तरी नायट्रेट ४५ च्या खाली उतरणे शक्य नाही. म्हणून प्रथम व्यस्त तर्षणाच्या (आर. ओ.) साधनाने पाणी शुद्ध करून घेणे आणि टाकीत जे निर्माण होते ते टाकीतच नष्ट करणे, हा मार्ग समुद्रापासून दूरच्या गावी अधिक किफायतीचा ठरतो.

सूक्ष्मजंतू व रासायनिक विक्रिया : गंधकाच्या ऑक्सिडीभवनातून ऊर्जा मिळवून सूक्ष्मजंतू जगू शकतात, हे सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८८७ मध्ये दाखविले. नायट्रेटाच्या साहाय्याने हे कार्य करणाऱ्या थायोबॅसिलस डीनायट्रिफिकन्स या जातीचे वर्णन मार्टिनस बायरिंक यांनी १९०४ मध्ये केले. खाऱ्या पाण्यात सल्फ्यूरिमोनास प्रजातीतील सूक्ष्मजंतूही हेच काम करतात. हे सूक्ष्मजंतू कार्बन डाय-ऑक्साइडापासून आपली शरीरे घडवितात. त्यांना साखर, अल्कोहॉल यांसारखे सेंद्रिय खाद्य द्यावे लागत नाही. त्यामुळे मात्रा चुकून पाणी गढूळ होण्याची भीती नसते आणि गाळही थोडा साचतो. प्रवाळाच्या टाक्यांसाठी ही पद्धत १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढे आली.

१ ग्रॅ. नायट्रेट नष्ट होताना सु. ०·५७ ग्रॅ. गंधक खर्च होते, १·७ ग्रॅ. सल्फेट तयार होते आणि १ ग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटाइतकी क्षारता अम्लामुळे नाहीशी होते. वरील टाकीतून १६ ग्रॅ. नायट्रेट काढावयाचे, तर गंधक जेमतेम ९ ग्रॅ. लागेल. सल्फेट लिटरमागे सु. ६८ मिग्रॅ. वाढेल, समुद्रजलात मुळातच ते सु. २,७०० मिग्रॅ. असल्याने ही वाढ नगण्य होय. पुष्कळ लोक सल्फेटाचाच धसका घेतात, पण खरी किंमत मोजावी लागते ती क्षारतेची. ती लिटरमागे सु. ४१ मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटाइतकी घटते. समुद्रजलाची सारी क्षारता सु. ११५ ते १२० मिग्रॅ. असते, म्हणजे तिचा एकतृतीयांशाहून अधिक भाग जातो, आणि प्रवाळाचा सांगाडा तर तिच्यावरच उभा राहतो.

यासाठी गंधकाच्या नळकांड्यानंतर कॅल्शियम कार्बोनेटाच्या खड्यांचे दुसरे नळकांडे जोडतात. अम्लयुक्त पाण्याने खडे विरघळून क्षारता बरीचशी भरून निघते व कॅल्शियमही मिळते. चुनखडी किंवा स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांचे तुकडे या कामी चालतात. तरीही बाहेर येणाऱ्या पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड जास्त असतो, म्हणून ते टाकीत सोडण्यापूर्वी हवेशी चांगले मिसळू द्यावे आणि टाकीची क्षारता नियमाने मोजावी.

रचना व वापर : टाकीतील पाण्याच्या सु. १ टक्का आकारमानाचे गंधक घेण्याची प्रथा आहे, ४०० लि. ना ४ लि. खर्च ग्रॅमांत असताना गंधक लिटरांत घ्यावयाचे, कारण सूक्ष्मजंतूंना बसण्यासाठी पृष्ठभाग हवा असतो. खडे २ ते ५ मिमी. चे असावेत. द्राक्षबागाईतदाराच्या घरी भुरी रोगावर फवारण्याचे गंधक असतेच, पण ते येथे उपयोगी नाही. त्यात पाण्यात पसरण्यासाठी अन्य द्रव्ये मिसळलेली असतात आणि भुकटीमुळे नळकांडे तुंबते. शुद्ध गंधकाचे खडेच हवेत.

एक लहान पंप नळकांड्यातील पाणी आतल्या आत फिरवीत ठेवतो, म्हणजे कोठेही पाणी साचून राहत नाही. टाकीतून आत येणारा प्रवाह मात्र आरंभी सेकंदाला दोन-तीन थेंब, म्हणजे ताशी सु. अर्धा लिटर एवढाच ठेवतात. आत शिरलेला ऑक्सिजन पहिल्या थरातच संपला पाहिजे. तो संपला तरच सूक्ष्मजंतू नायट्रेटाकडे वळतात. वसाहत जमण्यास काही आठवडे लागतात आणि या काळात बाहेरच्या पाण्यात नायट्राइट दिसते. समुद्रजलातील क्लोराइडामुळे ते माशांना गोड्या पाण्यातल्याइतके घातक नसते, पण त्याच्यामुळे नायट्रेटाची नेहमीची रंगचाचणी खोटी, फुगलेली आकडेवारी देते. साधन चालत नाही असे समजून पुष्कळजण येथेच हात टेकतात. वास्तविक नायट्राइट दिसणे हे काम सुरू झाल्याचे लक्षण होय.

बाहेरच्या पाण्यातील नायट्राइट व नायट्रेट दोन्ही शून्यावर आली की प्रवाह थोडा वाढवावा, काही दिवस थांबून पुन्हा मोजावे व मग आणखी वाढवावा. प्रवाह जास्त झाल्यास नायट्राइट पुन्हा दिसू लागते. फार कमी झाल्यास नायट्रेट आतच संपते व अन्य सूक्ष्मजंतू गंधक आणि सल्फेट यांचे क्षपण करून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. कुजक्या अंड्यासारख्या वासावरून तो चटकन ओळखता येतो. ताशी १ लि. प्रवाह साधला, तर ५० मिग्रॅ. चे नायट्रेट १० वर येण्यास सु. चार आठवडे लागतात. त्या काळात नव्याने तयार होणारे नायट्रेट अर्थातच वेगळे. वीज दीर्घकाळ गेल्यास नळकांड्यात अडकलेले पाणी हायड्रोजन सल्फाइडाने दूषित होते. पुरवठा सुरू झाल्यावर ते टाकीत न सोडता बादलीत काढून फेकावे. ग्रामीण भागात ही सूचना विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या छंदाला कायद्याची मर्यादा आहे. भारतात सर्व दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये स्थान मिळाले. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आढळतात व तेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. तेथून जिवंत प्रवाळच काय, मृत प्रवाळाचे तुकडेही दुसऱ्या नळकांड्यासाठी आणता येत नाहीत.

गंधक व चुनखडी यांचीच जोडी भूजलातील नायट्रेट काढण्यासाठीही वापरता येते. नेदर्लंड्समध्ये असे प्रयोग झाले आहेत. गोड्या पाण्यात मात्र हिशेब उलटतो. लिटरमागे १०० मिग्रॅ. नायट्रेट असलेले विहिरीचे पाणी ४५ वर आणले, तर त्यात सु. ९४ मिग्रॅ. सल्फेटाची भर पडते. समुद्रजलात ही भर जाणवतही नाही. पिण्याच्या पाण्यात सल्फेटाची स्वीकार्य मर्यादाच २०० मिग्रॅ. असल्याने तिचा जवळजवळ अर्धा भाग एवढ्यातच व्यापला जातो. तसेच सूक्ष्मजंतूंमधून आलेले हे पाणी पुढे गाळून, हवा देऊन व निर्जंतुक करूनच पिण्यास द्यावे लागते.