जुन्या मोटारीची खतावणी

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत व्यापारी कुटुंबाच्या दारी दहा-बारा वर्षे वयाची एखादी मोटार हमखास दिसते. ज्येष्ठांना शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास नेणे, जिंतूरजवळील नेमगिरीची यात्रा, साधू-साध्वींच्या विहारातील सेवा, रात्री-अपरात्री नांदेडच्या दवाखान्याकडे धाव, ही सारी कामे तिच्याच भरवशावर चालतात. दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणारे आपण या मोटारीचे खाते मात्र क्वचितच उघडतो. पेट्रोल गल्ल्यातून, दुरुस्ती घरखर्चातून आणि विमा पेढीच्या खात्यातून जातो. त्यामुळे जुनी गाडी स्वस्त पडते की महाग, याचे उत्तर अंदाजानेच दिले जाते.

एक नमुना हिशेब मांडून पाहू. यातील आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. वाचकांनी आपापले आकडे घालावेत. वर्षाला ८,००० किलोमीटर धाव आणि पेट्रोलचा भाव लिटरला १०५ रुपये धरू. दोन लाखांना घेतलेली जुनी मोटार लिटरला १५ किलोमीटर ॲव्हरेज देत असेल, तर पेट्रोलला ५६,००० रुपये लागतात. विमा ५,०००, सर्व्हिसिंग ८,०००, टायर व बॅटरीचा वार्षिक वाटा सुमारे ५,००० आणि अवचित दुरुस्तीसाठी १५,००० रुपये. चार वर्षांनी ती एक लाखाला विकली, तर किमतीतील घट वर्षाला २५,०००. गुंतलेल्या रकमेचे आठ टक्क्यांनी व्याज १६,०००. एकूण १,३०,०००, म्हणजे किलोमीटरला सुमारे सव्वासोळा रुपये.

आता सात लाखांची नवी मोटार घेऊ. ती २० किलोमीटर ॲव्हरेज देते, म्हणून पेट्रोल ४२,०००. विमा १८,०००, सर्व्हिसिंग ६,०००, टायर-बॅटरी ५,०००. चार वर्षांनी तिचे चार लाख आले, तर घट वर्षाला ७५,००० आणि व्याज ५६,०००. बेरीज २,०२,०००, म्हणजे किलोमीटरला सव्वापंचवीस रुपये.

आपण गाडी पारखताना पहिला प्रश्न ॲव्हरेजचा विचारतो. पण वरील हिशेबात ॲव्हरेजमुळे वर्षाला केवळ १४,००० रुपयांचा फरक पडला. खरा फरक घट आणि व्याज या दोन न दिसणाऱ्या रकमांत आहे. दोन्ही गाड्यांतील वर्षाचे अंतर ७२,००० रुपये. जुनी गाडी ठेवावी की काढावी, याची मर्यादा हीच. वर्षाची अवचित दुरुस्ती धरलेल्या रकमेपेक्षा सतत ७०-७२ हजारांनी वाढू लागली, तर जुन्या गाडीची स्वस्ताई संपली असे समजावे. एखाद्या वर्षी इंजिनाचे मोठे काम निघाले म्हणून लगेच घाबरू नये. तो खर्च पुढील तीन-चार वर्षांवर वाटून पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. नव्याची किंमत उतरली की जुन्याचीही उतरते, हे खरेदीदाराने सौदा करताना ध्यानात ठेवावे.

आता भरवशाचा प्रश्न. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात खचतात, उन्हाळ्यात भेगाळतात. त्यामुळे आपल्याकडे जुन्या गाडीची दोन अंगे आधी थकतात: इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा आणि सस्पेन्शन. रेडिएटर, त्याचे रबरी पाइप, पंखा आणि कूलंट यांची तपासणी उन्हाळ्यापूर्वी, हळदीच्या हंगामाची धावपळ वाढण्याआधीच उरकावी. काही शेकड्यांचा पाइप फुटल्याने इंजिन तापते आणि खर्च हजारांच्या घरात जातो. ज्या इंजिनांना टायमिंग बेल्ट असतो, त्यांचा बेल्ट किलोमीटर भरले नसले तरी ठरलेल्या वर्षांनंतर बदलावा. टायरची जाडी चांगली दिसली तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. स्टेपनीचेही वय असेच पाहावे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या, शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दिलेला आहे. जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट यांवरही लक्ष ठेवावे.

भरवसा आणि सुरक्षितता या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली. एबीएस ब्रेकचा नियमही त्याच वर्षी सर्व नव्या गाड्यांना लागू झाला. त्याआधीची गाडी कधी बंद पडली नसेल, तरी अपघातात ती तितके रक्षण करील असे नाही. लेकरे आणि वृद्ध घेऊन रात्रीच्या लांब प्रवासास निघणाऱ्या कुटुंबाने हा मुद्दा पैशाच्या हिशेबावर ठेवावा.

कागदपत्रांचाही खर्च असतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी पासिंग करून ती वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा. म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळत असेल, तर हा खर्च किमतीत मिळवूनच सौदा करावा. एमएच-३८ सोडून परराज्यातील क्रमांकाची गाडी असेल, तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील कर यांची चौकशी आधी करावी.

आता विकणाऱ्याच्या बाजूने पाहू. आपल्या श्रावकाचारात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटे माप ठेवणे आणि हलका माल चांगला म्हणून देणे हे दोन आहेत. किलोमीटरचे रीडिंग मागे करणे हे पहिल्यात येते आणि अपघातात ठोकलेली गाडी रंगवून निर्दोष म्हणून देणे दुसऱ्यात. दुकानातील काटा आपण जसा खरा ठेवतो, तसाच गाडीचा काटाही खरा राहिला पाहिजे. सर्व्हिसिंगची बिले, बदललेल्या भागांची नोंद आणि झालेला अपघात खरेदीदारासमोर मांडावा. असे कागद असलेल्या गाडीला भावही चांगला येतो, हा त्यातील व्यवहाराचा भाग.

व्यवहार झाल्यावर नाव बदलण्यास विलंब करू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालानुसार, आरसी बुकावर ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जातो. नंतर अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. मोटार जीएसटी नोंदणीकृत पेढीच्या नावे असून तिच्यावर घसारा घेतलेला असेल, तर विक्री करण्यापूर्वी कर सल्लागारास विचारावे. विक्रीची रक्कम घसारा वजा जाता उरलेल्या किमतीहून जितकी जास्त, त्या फरकावर २५ जानेवारी २०२५ पासून १८ टक्के जीएसटी लागतो. व्यक्तीने आपली घरची गाडी विकली, तर हा कर नाही.

येत्या दीपावलीस वहीपूजन कराल, तेव्हा नव्या वहीत एक पान मोटारीच्या नावे राखून ठेवावे. दर पेट्रोलभरणीची तारीख, लिटर व किलोमीटर आणि दर दुरुस्तीची रक्कम एवढेच त्यावर लिहावे. वर्षअखेरीस बेरीज केली की गाडी आणखी किती वर्षे ठेवायची, हे घरातील सर्वांना त्या पानावरूनच ठरवता येईल.