आधी निर्दोष, मग फाशी

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला १६९२ साली चेटकिणींना पिसाळलेल्या जमावाने संपवलं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथे गव्हर्नरने नेमलेलं न्यायालय होतं, शपथ घेतलेली ज्यूरी होती, आरोपपत्रं होती. या सगळ्या सरंजामासह १९ माणसं फासावर गेली. आरोपींना वकील मात्र नव्हता.

रिबेका नर्स ही सत्तरी ओलांडलेली, देवभीरू म्हातारी. तिच्या बाजूने ३९ शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या होत्या. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं, तसा फिर्यादी मुलींनी एकच आकांत मांडला. मग मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन यांनी ज्यूरीला तिच्या एका वाक्याची आठवण करून दिली. दुसऱ्या एका आरोपी बाईला बघून ती ‘ही तर आमच्यातलीच’ अशा अर्थाचं काही बोलली होती. आमच्यातली म्हणजे तुरुंगातली, की चेटकीण? ज्यूरीने तिलाच विचारलं. कानाने अधू असलेल्या रिबेकाला प्रश्न नीट ऐकूच गेला नाही. ती गप्प राहिली आणि निकाल फिरला. १९ जुलैला तिला फाशी दिलं.

आज आरोपीच्या मौनातून गुन्हा सिद्ध करता येत नाही. भारतीय राज्यघटनेच्या कलम २०(३)नुसार कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. सेलममध्ये ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीने खटल्याला उभं राहायला नकार दिला, तेव्हा त्याच्या अंगावर दगड रचत नेऊन त्याचा जीव घेतला गेला. गुन्हा कबूल करणारे त्या वर्षी फाशीतून वाचले, नाकारणारे लटकले; खोटं बोलण्याचा याहून मोठा मोह कोणता असेल?

पण खरी मेख पुराव्यात होती. ‘तिची छाया येऊन मला चिमटे काढते,’ एवढी तक्रार पुरेशी ठरे. ‘मी तेव्हा घरी झोपले होते’ हा बचाव तिथे कुचकामी, कारण शरीर घरी असलं तरी छाया हिंडते, असं मानलं जाई. जे खोटं पाडताच येत नाही, त्यावर उलटतपासणी कसली घेणार!

ऑक्टोबरमध्ये धर्मगुरू इन्क्रीज मॅथर यांनी बजावलं, की एका निरपराध्याला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. गव्हर्नर फिप्सने ते न्यायालय गुंडाळलं. जानेवारी १६९३मध्ये नवं न्यायालय बसलं. चेटूक तेव्हाही गुन्हाच होता. बाद झाला तो छायेचा पुरावा. बहुतेक आरोपी सुटले, तिघेच दोषी ठरले आणि फिप्सने त्यांचीही फाशी टाळली.

त्या तिघांतल्या एलिझाबेथ जॉन्सनच्या नावावरचा डाग मात्र राहून गेला. तो कायद्याने पुसला गेला २०२२मध्ये, आठवीच्या एका वर्गाने आपल्या शिक्षिकेसोबत प्रकरण लावून धरल्यावर.