दगडांतील दक्षिणावर्ती

आपल्या घरोघरच्या देवघरांत शाळिग्राम आणि शंख शेजारीं शेजारीं नांदतात. एकास तुळशीपत्र वाहावयाचें, दुसऱ्यांतील उदकानें प्रोक्षण करावयाचें, एवढें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. परंतु हे दोघे एका अर्थानें सगोत्र आहेत, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. गंडकी नदींतील शाळिग्रामांत जीं चक्रें दिसतात तीं ॲमोनाइट नांवाच्या, फार पुरातन काळीं समुद्रांत वावरणाऱ्या प्राण्यांच्या कवचांचीं होत. आणि शंख हेंहि एका सागरी गोगलगायीचें कवचच. गेल्या पावसाळ्यांत या दोघांच्या मधली एक वस्तु उस्मानपुऱ्यांतील आमच्या घरीं आली, आणि तिनें आमच्या सबंध आयुष्याच्या मास्तरकीची परीक्षा घेतली. त्या परीक्षेंत आम्ही प्रथम नापास कसे झालों व पुढें जाणत्यांच्या साहाय्यानें कसे उत्तीर्ण झालों, तें वाचकांपुढें मांडावें म्हणून हा लेख.

आमचा नातू सुटींत नागपुरास आजोळीं गेला होता. परत येतांना त्यानें मुठीएवढा एक करडा, गारेसारखा कठीण दगड आणला. दगडाच्या एका अंगास शंख रुतलेला होता. अंगठ्याएवढा, गुळगुळीत, पोट फुगलेलें, आणि शेंड्याकडे दोन-तीन आंखूड वेढे. आम्हीं चष्मा लावला, निमुळता शेंडा खालीं धरला, आणि पाहतों तों शंखाचें तोंड उजवीकडे! क्षणाचाहि विलंब न लावतां आम्हीं निकाल दिला, "हा दक्षिणावर्ती शंख. आणि तोहि पाषाण झालेला!"

दक्षिणावर्ती शंख ज्या घरीं असेल तेथें लक्ष्मी स्थिर राहते, ही समजूत वाचकांस ठाऊक आहेच. थोरल्या वहिनींनीं त्या दगडास हळदकुंकू वाहिलें. बातमी आळींत पसरली. चौथ्या दिवशीं शहरांतील एक गृहस्थ विसाराची रक्कम खिशांत घालूनच आले. त्यांनीं जो आंकडा सांगितला तो पेन्शनरास मोह पाडणारा होता, हें आम्ही लपवीत नाहीं. आम्हीं "विचार करून सांगतों" असें म्हणालों, तेवढ्यांत कोपऱ्यांतून नातू म्हणाला, "आबा, शंख तर समुद्रांत असतो ना? मग नागपूरला समुद्र कोठें होता?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वर्गांत असा प्रश्न आला असतां आपण मुलाला "खालीं बैस" म्हणतों. घरांत तसें म्हणवेना. आम्हीं त्या गृहस्थांपाशीं आठ दिवसांची मुदत मागितली व विसार परत केला.

नातवानें मोबाईलवर दगडाचें छायाचित्र काढलें आणि आजोळच्या ओळखीनें तें नागपुरांतील एका भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांकडे धाडलें. त्यांचें उत्तर आलें: "शेंडा वर धरला असतां तोंड उजवीकडे दिसतें. ही लिम्निया नांवाची गोड्या पाण्यांतील गोगलगाय असावी." गोगलगाय हा शब्द आम्हांस रुचला नाहीं, परंतु "उजवीकडे" हा शब्द मात्र फार आवडला. आम्ही उजवें म्हणतों, तेहि उजवें म्हणतात. तेव्हां निदान वळणाविषयीं तरी एकवाक्यता झाली, असें आम्ही समजलों.

ही समजूत दूर केली ती आमच्या शेजारच्या एका निवृत्त अभियंत्यांनीं. त्यांस दगड गोळा करण्याचा छंद आहे. आपल्या भागांतील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट असे जे सुंदर स्फटिक सांपडतात, त्यांनीं त्यांचीं कपाटें भरलेलीं आहेत. त्यांनीं प्रथम विचारलें, "हा मूळ शंख कीं शंखाचा ठसा? मुद्रेवरील अक्षरें उलटीं असतात. तसा ठशांत उजव्याचा डावा दिसतो." दगडांत खोलगट ठसा नव्हता, शंखच वर आलेला होता; तेव्हां ती शंका फिटली. मग ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही शेंडा खालीं धरून तोंड उजवीकडे म्हणतां. नागपूरकर शेंडा वर धरून तोंड उजवीकडे म्हणतात. दोन्ही खरें कसें होईल? वस्तु उलटी धरली कीं तोंडाची बाजूहि बदलणारच."

आम्ही निरुत्तर झालों. त्यांनीं छायाचित्र मागवून दगडाशेजारीं ठेवलें, आणि गुपित उघडें पडलें. दगड आणि छायाचित्र हीं एकमेकांचीं आरशांतील प्रतिबिंबें होतीं. नातवानें दगड आपल्या चेहऱ्याजवळ धरून मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यानें चित्र काढलें होतें, आणि त्या यंत्रानें डाव्याचें उजवें करून ठेवलें होतें. प्राध्यापकांनीं चित्राविषयीं सांगितलें तें बरोबर होतें. चित्रच खोटें होतें.

येथें वळणाचा थोडा खुलासा केला पाहिजे. प्राणिशास्त्रज्ञ कवचाचा शेंडा वर व तोंड आपल्याकडे करून पाहतात. तोंड उजवीकडे आलें तर तें कवच उजव्या वळणाचें, डावीकडे आलें तर डाव्या वळणाचें. आपल्या परंपरेंत शंखाची निमुळती नाळ वर आणि शेंडा खालीं धरण्याची चाल आहे. म्हणून आपण ज्याला दक्षिणावर्ती म्हणतों, तोच शास्त्रज्ञांच्या भाषेंत डाव्या वळणाचा. वस्तु एकच, धरण्याची रीति भिन्न. देवपूजेंतील शंखाचें शास्त्रीय नांव टर्बिनेला पायरम. त्याची मोठी पैदास मन्नारच्या आखातांत व तामिळनाडूच्या किनाऱ्यास होते, आणि त्या जातींत डाव्या वळणाचा नग फार क्वचित् निघतो. त्याच्या मोलाचें कारण हेंच. जेम्स हॉर्नेल या मत्स्यशास्त्रज्ञानें १९१४ सालीं या पवित्र शंखावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

म्हणजे आमच्या दगडांतील कवच आपल्या रीतीनें दक्षिणावर्ती ठरत होतेंच. परंतु तो शंख होता काय? याचा निर्णय रत्नागिरीकडील आमच्या एका जुन्या स्नेह्यांनीं केला. ते किनाऱ्यावरचे शंखशिंपले जमवितात. त्यांनीं उभा चिरलेला एक खरा शंख आम्हांस पाठविला. त्याच्या मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या होत्या, कवच जाड होतें, आणि खालीं लांब नाळ होती. आमच्या दगडांतील कवचास नाळ नाहीं, वळ्या नाहींत, आणि त्याची कड कागदासारखी पातळ. त्यांनीं सोबत एक इशाराहि दिला, तो प्रत्येक गृहस्थानें लक्षांत ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे एक मोठा डाव्या वळणाचा शंख होतो. त्या जातींत डावें वळण हाच नियम; त्यांत दुर्मिळ असें कांहीं नाहीं. तोच आपल्या बाजारांत दक्षिणावर्ती म्हणून भारी किंमतीस विकला जातो. त्याच्या मधल्या खांबावर त्या वळ्या नसतात. घेण्यापूर्वीं आंत बोट घालून पाहावें.

आतां दगडाचें सरळ छायाचित्र नागपुरास गेलें. या खेपेस उत्तर निःशंक आलें: "लिम्निया नव्हे. फायसा प्रिन्सेपाय." लिम्निया आणि फायसा या दोन्ही गोगलगाई रूपानें जुळ्या बहिणींसारख्या, पण एक उजव्या वळणाची, दुसरी डाव्या. फायसाच्या सर्व कुळांत डावें वळणच सहज असतें. तिचे आजचे लहानसे नातलग शहरांतील सांडपाण्याच्या डबक्यांत आणि माशांच्या कांचपात्रांतहि दिसतात. अलीकडचे अभ्यासक या प्राचीन जातीस प्लॅटिफायसा म्हणतात. सारांश, आम्हीं जें लाखांत एक समजलों, तें त्या कुळांत घरटीं एक निघालें.

नातवाच्या प्रश्नाचें उत्तरहि येथेंच मिळालें. नागपूरला तेव्हां समुद्र नव्हता, तळें होतें. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं आपल्या दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेंत त्या काळ्या भूमीवर तळीं सांचत, वनस्पति वाढत, गोगलगाई नांदत. मग पुढचा लाव्हा येई आणि तळ्यांतील गाळ खालीं गाडला जाई. अशा दोन थरांमधल्या गाळांत हीं कवचें दगड होऊन राहिलीं.

या गोगलगायीचें नांव ठेवलें गेलें तेंहि अनेकांच्या साह्यानेंच. माल्कमसन या मद्रास सैन्यांतील डॉक्टरानें तेव्हांच्या निजामी मुलखांतील निर्मळच्या डोंगरांतून असे जीवाश्म जमविले, व लंडनच्या सॉवर्बी यांनीं १८४० सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. नांव दिलें तें प्रिन्सेप यांचें. ब्राह्मी लिपि उलगडून अशोकाचे शिलालेख वाचणारे जेम्स प्रिन्सेप ते हेच. शिळेवरील अक्षरें वाचणाऱ्याचें नांव शिळेंतील कवचास मिळावें, हा योग संस्कृताच्या विद्यार्थ्यास गोड वाटल्यावांचून राहत नाहीं. पुढें स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या नागपुरांतील दोन मिशनऱ्यांना शहराच्या पश्चिमेस टाकळीच्या माळावर गोड्या पाण्यांतील कवचांचा मोठा सांठा सांपडला. जें आपणांस येत नाहीं तें येणाऱ्याकडे द्यावें, ही त्यांची रीति होती. कीटकांचे जीवाश्म अँड्र्यू मरे यांनीं तपासले, सूक्ष्म शिंपल्यांसारखे जीव रुपर्ट जोन्स यांनीं. कवचांचें वर्णन हिस्लॉपनें स्वतः १८६० सालीं केलें, आणि नव्या जातींचीं लक्षणें लॅटिन भाषेंत लिहिलीं. १८६३ सालीं टाकळघाट येथील शिलावर्तुळें पाहून परत येतांना पूर आलेल्या ओढ्यांत बुडून त्याचा अंत झाला. नागपुरांतील हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नांवाचें.

पण प्राध्यापकांच्या पत्राच्या शेवटीं एक प्रश्न होता: "हा दगड नेमका कोठें व कोणत्या थरांत सांपडला?" आम्हीं नातवास विचारलें. तो म्हणाला, "मामाच्या शेजारीं घराचा पाया खणला होता. तेथें दगडांचा ढीग टाकला होता, त्यांतून घेतला." ढीग कोठल्या खाणींतून आला तें मामासहि ठाऊक नव्हतें. प्राध्यापकांनीं कळविलें कीं नांव निश्चित झालें तरी या दगडाची साक्ष आतां अर्धीच राहिली. कोणत्या थरांत कोणतें कवच होतें यावरूनच कोणतें तळें आधींचें आणि कोणतें नंतरचें तें कळतें. पायाच्या ढिगांतल्या दगडास गोत्र आहे, पण गांव नाहीं.

मुदत संपली आणि ते गृहस्थ पुन्हां आले. आम्हीं सर्व हकीकत सांगितली. त्यांनीं हंसून म्हटलें, "मास्तर, तुम्हीं एकदां दक्षिणावर्ती म्हटलें आहे, तेंच चार लोकांपुढें म्हणा, बाकीचें मी पाहतों." आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच आंतून थोरल्या वहिनी बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "भावजी, दगडाला देव म्हणून कोठें ठेवायचें तें माझें मी बघेन. पण खोटें नांव सांगून त्याला घराबाहेर काढायचें नाहीं." गृहस्थ चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आळींत ज्यांच्या ज्यांच्यापाशीं बढाई मारली होती, त्या प्रत्येकाच्या घरीं जाऊन आमची चूक सांगून आलों. प्रथम लाज वाटली. तिसऱ्या घरापासून मात्र लोकच आपल्या घरचे दगड व शंख दाखवूं लागले, आणि कोठून आले तें विचारतां बहुतेकांस सांगतां येईना.

म्हणून वाचकांस एक विनंति आहे. मुलांनीं कोठेंहि विचित्र दगड उचलला तर त्याच दिवशीं, त्याच जागीं, चिठ्ठी लिहावी: गांव, विहीर कीं ओढा, किती खोल, कोणत्या रंगाच्या थरांत, कोणत्या तारखेस. छायाचित्र काढतांना शेजारीं एक लिहिलेला कागद ठेवावा. अक्षरें सरळ वाचतां आलीं तर चित्रहि सरळ. आणि घरांतील वडिलांनीं निकाल देण्यापूर्वीं दोघांतिघांस विचारावें.

आमचा दगड आतां देवघराशेजारच्या कोनाड्यांत आहे. नातवानें आपल्या हस्ताक्षरांत खालीं चिठ्ठी चिकटविली आहे: "फायसा प्रिन्सेपाय. गोड्या पाण्यांतील गोगलगाय. डावें वळण. नागपूर, पायाच्या ढिगांतून. मूळ जागा लिहून ठेवली नाहीं." शेवटचें वाक्य त्यानें आपण होऊन घातलें, आम्हीं तें खोडलें नाहीं.